आठ बोटांचं दार

आमच्या खुराड्याच्या दाराची गोष्ट वाडीतला प्रत्येक जण आपापल्या परीनं सांगतो, आणि प्रत्येकाच्या गोष्टीत आमचा आजा थोडा जास्तच वेडा होतो. म्हणून ती मीच सांगते. मी तेव्हा आईच्या पोटात होते, म्हणजे इतरांपेक्षा जवळच होते. बाकीचं मला आजीनं सांगितलं. आजी आज्याबद्दल सहसा चांगलं बोलायची नाही, त्यामुळे तिच्या तोंडून जे चांगलं निसटलं ते खरंच असणार.

निजामाचं राज्य जायला अजून आठ-दहा वर्षं होती. आमची वाडी राजूरच्या वाटेवर, धनगरांची पंधरा-वीस घरं आणि त्यांच्याहून जास्त कुत्री. आज्याचं नाव म्हस्कू. मेंढरं राखण्यात त्याची हयात गेली आणि त्या हयातीत त्याला एक घमेंड जडली होती, ती म्हणजे मापाची. मेंढराच्या पाठीवर हात दाबून तो लोकरीखाली मांस किती ते सांगायचा. जुन्या जालन्याच्या बाजारात व्यापारी तराजू लावायच्या आधी आपल्या तोंडाकडं बघतात, असं तो म्हणायचा. आजी म्हणायची, बघणारच की, तोंडात तंबाखू असते आणि हे कुणाच्या धोतरावर थुंकतील याचा नेम नसतो.

आता कोंबड्याबद्दल सांगते, कारण तो साधा कोंबडा नव्हता. माझ्या आधी आईला दोन मुलं झाली होती. पहिलं पोटातच गेलं. दुसऱ्या खेपेला आजीनं, म्हणजे गोपिकाबाईनं, शिवेवरच्या म्हसोबाला नवस केला, की माझी सुगंधा सुखरूप सुटू दे, मूल हाती लागू दे, तुला कोंबडा देईन. बाळंतपणाला पाच दिवस उरले असताना, सगळी माणसं वावरात गेलेली बघून, एका मोकाट कुत्र्यानं भर दुपारी तो कोंबडा पळवला. आजीनं दुसरा आणून बांधला, पण तिचं मन त्या कोंबड्यात लागलं नाही. ते मूल एकच दिवस जगलं. कुत्र्याचा आणि मुलाचा काय संबंध, असं आजीला विचारायची कुणाची छाती नव्हती. तिच्या लेखी संबंध होता, आणि ते ओझं ती दोन वर्षं एकटीच वाहत होती.

तिसऱ्या खेपेला, म्हणजे माझ्या खेपेला, आई सातव्या महिन्यात माहेरी आली. बोलायची, काम करायची, जेवायची, पण हसायची नाही. आजीनं त्याच दिवशी एक तांबडा कोवळा कोंबडा निवडला, त्याच्या डोक्यावर हळदीकुंकू टाकलं आणि म्हसोबाच्या दिशेनं हात जोडले. तेव्हापासून त्याचं नाव पडलं नवसाचा. मग ती आज्याकडं वळली.

“आवं, सुगंधाचे बा, यावेळंला कोंबड्या डालग्याखाली ठिवायच्या न्हाईत. खुराडं बांधा. दगडाचं.”

“बांधतो की.”

“आन् दार नीट करा. नवसाच्याला काही झालं तर तुमचं तोंड बघायची न्हाई मी.”

“माप माज्यावर सोड,” आजा म्हणाला. आजी सांगायची, हे वाक्य ऐकलं आणि तेव्हाच तिला धसका बसला.

खुराडं चांगलंच झालं. घराच्या मागच्या भिंतीला लागून दगडमातीच्या कंबरेएवढ्या भिंती, वर एक जाड फरशी. ती चढवायला चार गडी लागले. दाराला बाभळीची चौकट आणि वरखाली सरकणारी फळी. रात्री फळी पाडून खुंटी मारली की काळजी मिटायची. खरी भीती दिवसाची होती. दिवसा फळी उघडी ठेवावी लागे, कारण कोंबड्यांना अंडी घालायला आत जावं लागतं, आणि त्या वेळेला माणसं असतात मेंढरांमागं नाहीतर रानात. म्हणजे सगळं येऊन ठेपलं दाराच्या मापावर. कोंबडा गेला पाहिजे आणि कुत्रं जाता कामा नये, इतकंच. आमच्या आज्याला हे इतकंच काम करायला तीन दारं लागली.

चौकट करायला आला भुजंग सुतार. नांगर-वखराची कामं तो बलुत्यात करायचा, पण खुराड्याच्या दाराचं बलुत्यात काही ठरलेलं नव्हतं. म्हणून तो चहावर काम करायचा आणि उरलेली भरपाई बोलून काढायचा.

आज्यानं माप घ्यायला नवसाच्याला पकडलं. तो कशाला ऐकतोय. त्यानं मान फुगवली, पंख उभे केले, पायाच्या नख्यांनी आज्याचा हात ओरबाडला. आज्यानं त्या फुगलेल्या कोंबड्याला दोरी गुंडाळली आणि दोरी भुजंगाच्या हातात दिली.

“म्हस्कूबा, ह्ये कोंबड्याचं माप हाय का त्याच्या रागाचं?” भुजंगानं विचारलं.

“तुला मेंढराचं काय ठावं? जनावर अंगानं अडकत न्हाई, लोकरीनं अडकतं. मेंढरं कोंडायच्या वाड्याचं दार करायचं तर लोकर धरून माप घ्यावं लागतं. आन् वर चार बोटं सोड, वाढतं जनावर हाय.”

भुजंगानं मुकाट्यानं दीड वीत रुंद आणि दोन विती उंच चौकट करून दिली. चौथ्या दिवशी दुपारी आजी डोक्यावर सरपण घेऊन घरी आली, तर खुराड्यातून एक शेपूट बाहेर हलत होतं, आणि ते कोंबड्याचं नव्हतं. आजीनं सरपण तिथंच टाकलं, त्यातलंच एक लाकूड उचललं आणि पुढचं वाडीनं ऐकलं. कुत्रं एक काळी कोंबडी तोंडात धरूनच पळालं. नवसाचा वाचला, कारण त्या वेळी तो शेजारच्या उकिरड्यावर दुसऱ्याच्या कोंबड्यांत रमला होता.

संध्याकाळी आजा मेंढरं घेऊन आला तेव्हा आजी दारात बसली होती. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, “मागच्या वेळंला कुत्र्यानं दार मोडून नेला न्हवता. डालगं उलटून नेला. या वेळंला तुमी त्याला चौकट करून दिली.”

आजा जेवला नाही. आईनं भाकरी झाकून ठेवली आणि ती सकाळपर्यंत तशीच राहिली. त्यालाही नवस ठाऊक होता. त्यालाही दोन वर्षांपूर्वीचं ते एक दिवसाचं मूल आठवत होतं. आपल्या कांबळीचा तुकडा कापून त्यानंच ते गुंडाळलं होतं. पण बोलायचं म्हटलं की आज्याला फक्त मापाचं बोलता यायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो भुजंगाच्या दारात उभा. “चुकलं कुठं, कळलं मला. लोकर धरली. पिसं म्हंजे लोकरच की. दाबली की दबती. आता लोकर वजा करून माप घिऊ.”

या खेपेला त्यानं नवसाच्याला मांडीवर घेतलं, पंख अंगाशी चेपले आणि मेंढराची पाठ चाचपावी तसं बोटांनी त्याचं अंग चाचपलं. नवसाचा डोळे मिटून बसला. आजी म्हणायची, त्याला वाटलं असणार, आत्ताच कापतात. मग आजा म्हणाला, “रुंदीला आठ बोटं. उंचीला सव्वा वीत. एक बोट इकडं न्हाई की तिकडं.”

“आठ?” भुजंगानं आपली आठ बोटं जोडून पाहिली. “म्हस्कूबा, ह्ये सोललेल्या कोंबड्याचं माप झालं. सोललेला कोंबडा खुराड्यात कशाला जाईल?”

“तू चौकट कर.”

“आन् वाढतं जनावर? ते चार बोटं?”

“त्या चार बोटांतूनच कुत्रं आलं.”

चौकट झाली, बसली, आणि काय आश्चर्य, बरोबर बसली. कोंबड्या लहानखुऱ्या, त्या सुळकन् जायच्या. नवसाचा मान खाली घालून, पंख आवळून, चौकटीला घासत जायचा आणि आत गेला की अंग झाडायचा. कुत्रं आलं, नाक घातलं, डोकं अडलं आणि शेपूट खाली घालून परत गेलं. आजा त्या कुत्र्याची रोज वाट बघायचा. आलं की भुजंगाला हाक मारायचा.

“मुंगसाचं काय?” भुजंग विचारायचा. “मुंगूस तर चार बोटांतून जातंय.”

“मुंगसाला नवसाचा हाय,” आजा म्हणायचा.

आता सगळं सुरळीत चाललं असतं, पण आजीचा जीव नवसाच्यात. ती त्याला मूठभर बाजरी घालायची. बाजरीवर शेंगदाणे. शेंगदाण्यांवर दुधात कुस्करलेली भाकरी. देवाला द्यायचा तो वाळका कसा द्यावा? आजा एकदा भीत भीत म्हणाला, “जरा हात आखडता घे. दार आठच बोटांचं हाय.” आजी म्हणाली, “तुमच्या दारासाठी देवाचा कोंबडा उपाशी ठिवू?” आजा मेंढरांमागं निघून गेला. आणि मेंढराचं मांस लोकरीवरून ओळखणाऱ्या माणसाला आपल्याच अंगणातला कोंबडा दिवसादिवसानं फुगतोय हे दिसू नये, याला काय म्हणावं ते मला कळत नाही.

एका सकाळी फळी उघडली, कोंबड्या बाहेर आल्या, आणि शेवटी नवसाच्यानं डोकं बाहेर काढलं. तुरा आला, मान आली, एक पंख आला. मग तो थांबला. त्यानं जोर लावला. पुन्हा लावला. मग इकडंतिकडं बघून, जणू आपल्याला बाहेर यायचंच नव्हतं, अशा थाटात मागं सरकला आणि आत जाऊन आरवला.

आई अंगणात सडा घालत होती. तिनं ते पाहिलं आणि ती हसली. तोंडाला पदर लावून हसली, मग पदर सुटला तरी हसत राहिली, पोटाला हात धरून खाली बसली. आजी आतून धावत आली. तिला वाटलं, कळा सुरू झाल्या. दोन वर्षांत लेकीचं हसू ऐकलं नव्हतं, त्यामुळे ओळखायला वेळ लागला. हसता हसता आईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते नुसतं हसण्याचं राहिलं नाही. आजी सड्याच्या ओल्यात तिच्याजवळ बसली. आजा लांब उभा राहून चौकटीकडं बघत होता.

आजीनं खरं तर त्या दिवशी त्याचं काही ठेवलं नसतं. पण तिच्या ध्यानात आलं, की आत असलेला कोंबडा कुत्र्याला मिळत नाही, घारीला मिळत नाही, उकिरड्यावर चुकत नाही. “राहू द्या,” ती म्हणाली. “पोर सुटंपर्यंत आतच राहू द्या. दाणापाणी मी आत सारते.” आज्यानं लगेच मिशीवरून हात फिरवला आणि दुपारपर्यंत सगळ्या वाडीला सांगून झालं, की मी त्यासाठीच तसं दार केलं होतं.

त्याची ही बढाई आठवड्यातच खरी ठरली. म्हणून तर आम्हाला ती पुढं जन्मभर ऐकावी लागली.

वाडीत गिरदावर आला. गिरदावर म्हणजे महसुलाचा साहेब. तो दौऱ्यावर आला की चावडीत उतरायचा आणि त्याच्या नावानं त्याचा चपराशी घराघरांतून दूध, अंडी, कोंबड्या उचलायचा. फुकटच. नाही म्हणायची रीत नव्हती. लोक कोंबड्या कणगीत लपवायचे, पण कणगीत कोंबडी गप्प बसेल तर ना. चपराशी वाटेनं चालला होता आणि आमच्या नवसाच्याला नेमकं त्याच वेळी आरवायचं सुचलं.

चपराशी मागच्या अंगणात आला, वाकला, खुराड्यात डोकावला आणि खूश झाला. “वाह! क्या मुर्गा है! निकाल रे बुड्ढे, जल्दी.”

आजी मागं सरली. ती भिंतीला टेकून उभी राहिली. आईनं तिचा हात धरला. आजा मात्र शांतपणे म्हणाला, “तुमीच काढा साहेब. मला वाकता येत न्हाई.”

चपराशानं बाही सारली आणि हात आत घातला. कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत. आत फडफड झाली. “मिल गया!” तो ओरडला, आणि ओढू लागला. कोंबडा त्याच्या मुठीत, मूठ चौकटीच्या आत आणि दार आठ बोटांचं. सोडला तर हात येईल, पण सोडायचा जीव होईना. तेवढ्यात नवसाच्यानं चोच चालवली. नख्याही चालवल्या असाव्यात. चपराशी अशा काही शब्दांत बोलला, की ते आजीनं मला मी पोराबाळांची होईपर्यंत सांगितले नाहीत.

हात बाहेर आला तेव्हा रिकामा होता आणि मनगटापर्यंत ओरबाडलेला. “ये मुर्गा है या दरोगा?” तो म्हणाला. “ये अंदर गया कैसा?”

“लहान होता तवा गेला, साहेब.”

“तोड ये दीवार!”

“तोडतो की,” आजा म्हणाला. “पर वरची फरशी बघा. चार माणसाची हाय. दीवार काढली की ती बराबर कोंबड्यावर पडंल. मंग साहेबांच्या ताटात फरशी वाढावी लागंल.”

चपराशानं फरशीकडं पाहिलं, आज्याकडं पाहिलं, हाताकडं पाहिलं आणि तो पाटलाच्या घराकडं निघून गेला. त्या दिवशी आजीनं आज्याला शेंगदाण्याची चटणी आणि दही दोन्ही वाढलं. आजा पुढचे पंधरा दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून मागच्या अंगणात न्यायचा. “बघा. आठ बोटं. एक बोट इकडं न्हाई की तिकडं.”

आणि मग मी निघाले.

कळा सकाळी सुरू झाल्या. झुंबरबाई सुईण आली. दुपार झाली तरी मी काही येईना. आजी बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडावर रंग नव्हता. आमच्याकडं बाई अडली की घरातलं बंद असेल नसेल ते सगळं उघडायचं असतं. झुंबरबाईनं आतूनच ओरडून सांगितलं, “बांधलेलं, झाकलेलं, अडकलेलं काही ठिवू नका! मोकळं करा समदं!”

आजीनं केस सोडले. कणगीचं झाकण काढलं, पेटीचं कुलूप काढलं, गाठोड्यांच्या गाठी सोडल्या, माठांवरची झाकणं उतरवली. आज्यानं पटका सोडून खांद्यावर टाकला, तंबाखूच्या चंचीची दोरी सोडली, बैलांची दावी सोडली, मेंढरांच्या वाड्याची काटेरी झाप बाजूला ओढली. मेंढरं वाडीभर पांगली. भुजंग धावत आला आणि त्यानं आपल्या हत्यारांच्या पोत्याचं तोंडसुद्धा सोडलं. तरी आतून आईचा तोच आवाज येत होता, आणि आता तो थकत चालला होता.

आजी अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि एकेका वस्तूकडं बोट दाखवत काय राहिलं ते बघू लागली. तिची नजर मागच्या अंगणाकडं गेली.

“कोंबडा,” ती म्हणाली. “आवं, कोंबडा अडकलेला हाय. म्हसोबाचा कोंबडा आत कोंडून मी पोर मोकळी व्हायची वाट बघून राह्यले!”

आज्यानं तिच्याकडं पाहिलं. एरवी त्या दाराबद्दल कुणी ब्र काढला तर तो तासभर भांडला असता. त्या दिवशी तो पळत गेला, गुडघ्यावर बसला, आणि कोंबडा ओढून काढायला हात घातला. पण मग थांबला. ओढता ओढता त्याचा पाय मोडला, पंख मोडला, तर मोडका कोंबडा देवाला कसा चालणार? आणि भिंत काढावी तर फरशी. चपराशाला मोठ्या तोऱ्यानं सांगितलेली ती फरशी आता त्याच्याच समोर होती, आणि ती खरोखरच चार माणसांची होती. वाडीतली बाकीची माणसं, माझा मामाही, गेली होती मेंढरं गोळा करायला.

“भुजंगा, चौकट उखड,” आजा म्हणाला. आणि तो त्या फरशीच्या कडेखाली पाठ देऊन उभा राहिला.

“म्हस्कूबा, पाठ मोडंल.”

“उखड म्हनलं ना.”

भुजंगानं पहार घातली. चौकट कडकड करत निघाली, तिच्याबरोबर दोन्ही बाजूंचे दगड निघाले, आणि फरशीचं सगळं वजन आज्याच्या पाठीवर आलं. दार आता एवढं मोठं झालं, की त्यातून वासरू आलं असतं. नवसाचा आला नाही. महिनाभर आत राहून त्याला तिथली सवय झाली होती. तो मागच्या कोपऱ्यात पायांवर बसला आणि टकाटका बघू लागला.

“निघ,” आजा म्हणाला.

नवसाच्यानं डोळे मिटले.

आजीनं दाणे टाकले. भुजंगानं काठी घेतली, तर आजी त्याच्यावर धावून गेली. आज्याचे पाय थरथरत होते, घाम नाकावरून खाली गळत होता. माणसं, मेंढरं, कुत्री, सगळ्यांवर ओरडत आलेला माझा आजा त्या कोंबड्याला विनवू लागला. “निघ रं राजा. निघ. माझं चुकलं. माझं माप चुकलं. लेकरू अडलंय रं, निघ.”

आत झुंबरबाई म्हणत होती, “ये गं बाई, ये. भिऊ नको, ये.”

नवसाचा उठला. अंग झाडलं. एक पाय पुढं टाकला, विचार केला, दुसरा टाकला, आणि सावकाश, जणू वरातीत चालल्यासारखा, दगडांवरून उन्हात आला. त्यानं मान वर केली आणि तो आरवला. आणि मीही.

आधी कोण ओरडलं यावर आमच्या घरात कधीच एकमत झालं नाही. आजी म्हणायची कोंबडा, आई म्हणायची मी. आज्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. भुजंगानं त्याला फरशीखालून ओढून काढलं, फरशी धाडकन् पडली, आणि तो तिथंच मातीत बसून लहान मुलासारखा रडला.

तेराव्या दिवशी नवस फेडायला सगळे म्हसोबाला गेले. आजीनं सुरी घेतली होती. आजा म्हणाला, “तू काय बोलली होतीस? कोंबडा देईन म्हनली होतीस. कापीन म्हनली न्हवतीस. जित्ता देऊ.” आजीलाही ते मनातून हवंच असावं, कारण तिनं जास्त वाद घातला नाही. नवसाच्याला देवापुढं सोडलं, नारळ फोडला, आणि सगळे परतले. घरी येऊन बघतात तर नवसाचा अंगणात दाणे टिपत होता. आजी घाबरली, देवानं नाकारला की काय. आजा म्हणाला, “पावता झाला आन् परत पाठवला. देवालाबी दाराचं माप जमलं नसंल.”

खुराडं वर्षभर तसंच पडून राहिलं. कोंबड्या पुन्हा डालग्याखाली. मला घेऊन आई माहेरीच राहिली होती. मी रांगायला लागले, आणि आजी सांगायची, रांगत रांगत मी पहिली गेले ती त्या पडक्या खुराड्यात. दुसऱ्या दिवशी आजा दोरी घेऊन आला. त्यानं ती माझ्या खांद्यांभोवती गुंडाळली, डोक्यावरून घेतली आणि वर चार बोटं सोडली. वाढतं जनावर.

भुजंगानं दोरी बघितली. “म्हस्कूबा, ह्यातून कुत्रं जाईल. दोन कुत्री जातील, गप्पा मारत.”

“जाऊ दे की. मी हाय ना.”

खुराडं पुन्हा उभं राहिलं, तसं आज्यानं मेंढरं मामाच्या हवाली केली आणि तो दिवसभर त्या दारासमोर लोकर कातायची चाती फिरवत बसू लागला. रानात काटेरी वाड्याला दार नसतं तेव्हा धनगर स्वतःच त्या फटीत आडवा होतो. हे त्याला लहानपणापासून येत होतं, पण खुराडं बांधताना कसं कोण जाणे, आठवलं नव्हतं. मी त्याच्या मांडीवरून आत जायची, अंडी काढायची, एक फोडायची, आणि फोडलं कुणी म्हणून आजीनं विचारलं की तो म्हणायचा, “मी.” आजी म्हणायची, दार करायला सांगितलं तर स्वतःच दार होऊन बसलेत, काम नको. कुत्रं मात्र कधी फिरकलं नाही.

मी नऊ वर्षांची असताना आजा गेला. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, आणि त्याच आठवड्यात भर दुपारी कुत्र्यानं एक कोंबडी नेली. भुजंग आला, आता तोही म्हातारा झाला होता. कमरेला गुंडाळलेली मापाची दोरी सोडून खुराड्यासमोर वाकला. “वैनी, दार लहान करावं लागंल. काय माप धरू?”

जन्मभर आज्याच्या मापाला नावं ठेवणारी माझी आजी त्या दाराशी येऊन उभी राहिली.

“माप बराबर हाय, भुजंगभाऊ,” ती म्हणाली. “बसणारा गेला.”

मग तिनं खुंटीवरची त्याची चाती काढली आणि दारासमोर जाऊन बसली.